पेटीकाकांचे हातमोजे

पेटीकाकांना थंडी सोसत नाही. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगतात, आणि सांगताना असा चेहरा करतात की दुसऱ्याच कुणाची तरी चहाडी चालली आहे. ज्या माणसाच्या नोकरीचं सगळं सार ‘एक वस्तू गार ठेवणे’ एवढंच आहे, त्यानं बारा महिने स्वेटर घालून हिंडावं आणि भर उन्हाळ्यातही पंख्याखालची खुर्ची सोडून भिंतीकडेची धरावी, यात काही विसंगती आहे असं त्यांना वाटत नाही. "न्हाव्याचं डोकं नेहमी वाढलेलं असतं," ते म्हणतात. "आमचं त्यातलंच."

ती वस्तू म्हणजे माणसाचं हृदय.

ते ज्या हॉस्पिटलात आहेत तिथे हृदय बदलण्याची ऑपरेशनं होतात. कुठल्यातरी गावच्या हॉस्पिटलात एखाद्याचा मेंदू कायमचा थांबतो, घरचे लोक काळजावर दगड ठेवून हो म्हणतात, आणि मग इथले डॉक्टर जाऊन ते हृदय घेऊन येतात. ते गार औषधी पाण्यानं धुऊन शांत करायचं, तीन पिशव्यांत एकात एक बांधायचं, पिशव्या झाकणाच्या बरणीत आणि बरणी बर्फाच्या पेटीत. गार हृदय झोपून राहतं, फारसं काही मागत नाही. पण झोप फार तर चार तासांची. तेवढ्यात ते दुसऱ्याच्या छातीत शिवून जागं करायचं. यातलं धुणं, बांधणं, शिवणं डॉक्टरांचं. बरणीच्या बाहेरचं जे काही आहे, म्हणजे बर्फ, पेटी आणि पेटीला मिठी मारून गाडीत बसणं, ते काकांचं. त्यांच्या हुद्द्याचं नाव इतकं लांब आहे की ओळखपत्रावर ते अर्ध्यातच संपलं आहे. त्यामुळे मोठ्या डॉक्टरांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना पेटीकाकाच म्हणतात.

बर्फ त्यांच्या घरातलाच. वडिलांचा बर्फाचा धंदा होता. लाद्या, गोणपाट, भुसा आणि एक हातगाडी. वडिलांनी त्यांना दोन गोष्टी शिकवल्या. पहिली अशी, की गिऱ्हाइकाला नेहमी मूठभर जास्त घालावा, घरी पोचेपर्यंत तेवढा वितळतोच. दुसरी अशी, की बर्फ कधीही उघड्या बोटानं तपासावा. बोटाला चिकटतो तो माजलेला, बोटावरून निसटतो तो माणसाळलेला. यंत्रातून नुकता निघालेला बर्फ कोरडा असतो, साध्या बर्फापेक्षाही गार असतो, शेजारी ठेवाल त्याला गोठवून टाकतो. जरा बाहेर राहून त्याला घाम फुटला की तो आपल्या जागी येतो, मग शेजाऱ्याला त्रास देत नाही. "माणसांचं उलटं असतं," वडील म्हणायचे. "घाम गाळणाऱ्याच्या वाट्याला जाऊ नये."

घरोघरी फ्रीज आले आणि धंदा बसला, असं काका लोकांना सांगतात. त्यांची बायको खरं काय ते सांगते. वडिलांच्या पश्चात काकांनी धंद्यात नवं काहीतरी करायचं म्हणून बर्फाचे रंगीत गोळे काढले, ते कुणी घेतले नाहीत, आणि गोदामात रंगीत पाणी साचलं. "बापानं बर्फावर घर उभं केलं, मुलानं ते वितळवून दाखवलं," हे वाक्य मात्र काकांचं स्वतःचं. पाहुण्यांसमोर ते सुपारीसारखं फिरवतात.

हॉस्पिटलात ते आधी भांडारात लागले. तिथून पेटीकडे कसे आले तेही ऐकण्यासारखं आहे. पूर्वीच्या पेटीवाल्यानं नोकरी सोडली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी भांडारात येऊन विचारलं, "इथं कुणाला बर्फातलं काही कळतं का?" काका सर्दीनं बेजार होते. त्यांना शिंक आली, हात तोंडाकडे गेला, आणि डॉक्टरांना वाटलं हात वर केला.

गार आणि गोठलेलं यांतला फरक त्यांना पहिल्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरनं शिकवला. सिस्टर म्हणजे करड्या आवाजाची बाई. "काका, चार ते आठ अंश. चाराखाली आलं की मला सांगायचं, दोनाखाली आलं तर मला तोंड दाखवायचं नाही. हे हृदय आहे, मासळी नाही."

हे ज्ञान घेऊन काका घरी गेले आणि त्याच आठवड्यात घरातल्या फ्रीजचं बटण त्यांनी शेवटपर्यंत फिरवून ठेवलं, कारण दूध लवकर नासत होतं. सकाळी बायकोनं मागच्या भिंतीला टेकलेली काकडी काढली. काचेची असावी तशी दिसत होती. ओट्यावर ठेवली, आणि चहा होईपर्यंत तिचं पोटीस झालं.

"अहो, हे काय?"

"गोठली होती. आतल्या पाण्याचे खडे होतात, ते पेशी फाडतात. मग वितळली की सगळं सैल," काकांनी सिस्टरचा पाठ म्हणून दाखवला.

"इतकं कळतं, तर मग बटण कुणी फिरवलं?"

काकांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"तुमच्या हातात लोक हृदयं देतात," बायको म्हणाली. "मी तर काकडी द्यायची नाही."

त्यानंतर कित्येक वर्षं काकांच्या हातून पेटीत काही चुकलं नाही. बर्फ उघड्या बोटानं तपासायचा, घामेजलेला भरायचा, गाडीत मांडी घालून पेटी कवेत घ्यायची आणि झाकणावरचा आकडा बघत राहायचं. त्या आकड्याची तार बरणीच्या आत जाते, म्हणजे हृदयापाशी किती गार आहे ते तो सांगतो. फक्त बोटांची वाट लागली. थंडीच्या दिवसांत ती लाल होऊन सुजत, खाजत, आणि काका ती सगळ्यांना दाखवत. शेवटी मुलीला राहवलं नाही. तिनं पहिल्या पगारातून त्यांना हातमोजे आणून दिले. जाडजूड, आत लोकर, बाहेर रबर, डोंगर चढणारे घालतात तसले.

"बाबा, आता तक्रार बंद."

काकांनी ते जेवतानाही काढले नाहीत, इतके आवडले. सिस्टरनं एकदा नाक मुरडलं, पण मोजे बरणीच्या बाहेरच्या कामाला होते, त्यामुळे ती बोलली नाही.

त्या सुमारास वॉर्डात टेलरमास्तर होता. चाळिशीचा शिंपी, हृदय फुगून पिशवीसारखं झालेलं, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत गेला तरी भिंत धरून उभा राहायचा. नव्या हृदयाची वाट बघत महिनोन् महिने पडून होता. हात मात्र स्वस्थ नव्हते. नर्सेसचे गणवेश आखूड कर, पडद्याला दोरा घाल, वॉर्डबॉयच्या खिशाला टाका मार. काका दुपारी त्याच्या पलंगावर टेकत.

"काय पेटीकाका, माझं पार्सल कुठं अडकलंय?"

"रस्त्यात आहे, मास्तर."

"रस्त्यात तुम्ही झोपता म्हणे. जरा उभे राहा बघू." मास्तर गळ्यातली टेप काढून काकांच्या कमरेला लावी. "पँट शिवतो तुम्हाला, इथून सुटलो की. ही जी घातलीय ती कुणी शिवली? शत्रूनं?"

"तयार घेतलीय."

"तेच म्हटलं. कमरेचं माप मोठ्यानं सांगू, की तुमची अब्रू राखू?"

एकदा टेप गुंडाळता गुंडाळता, वर न बघता तो म्हणाला, "काका, खरं सांगा. येईल ना हो?"

काकांना थट्टेशिवाय दुसरं काही येत नाही, आणि त्या वेळी थट्टाही सुचली नाही. "आलं तर माझ्या मांडीवर बसून येईल," एवढंच ते म्हणाले. मास्तरनं ते वचन म्हणून धरलं. डॉक्टर काहीही सांगोत, तो बायकोला म्हणे, "काकांनी शब्द दिलाय."

आणि एका सकाळी फोन आला. दोनेक तासांच्या अंतरावरच्या गावी एक हृदय मिळत होतं, मास्तरच्या रक्तगटाचं, मास्तरच्या मापाचं. काका, धाकट्या डॉक्टर मॅडम आणि गाडीचे ड्रायव्हरदादा निघाले. इकडे मास्तरला थिएटरकडे न्यायची तयारी सुरू झाली.

तिथल्या हॉस्पिटलच्या लांब बोळात बाकावर चार माणसं बसली होती. कोण ते विचारावं लागत नाही. काका अशा बाकांवरून जाताना पेटी भिंतीकडच्या हातात घेतात, म्हणजे ती त्यांना दिसू नये. पण बाकावरचा एक म्हातारा उठला, पुढे झाला आणि दोन्ही हातांत सामान असलेल्या पाहुण्यासाठी धरावं तसं त्यांच्यासाठी दार उघडं धरून उभा राहिला. काका मान खाली घालून आत गेले. या प्रसंगाचा विनोद ते कुणालाच सांगत नाहीत.

तिथलं ऑपरेशन उशिरा सुरू झालं. तोवर काकांनी आपल्या हॉस्पिटलातून नेलेला, नीट माणसाळवलेला बर्फ निम्मा पाणी होऊन गेला. तिथल्या नर्सनं त्यांना खोल थंडीचं मोठं कपाट, म्हणजे डीप फ्रीजर, दाखवलं. "हवा तेवढा घ्या हो, काका." बर्फ छान होता. पांढरा, कोरडा, पेटीत टाकताना काचेच्या गोट्यांसारखा वाजणारा. काकांनी हातात मोजे घातले होते. बोटांना ऊब होती. ऊब असली की माणूस विचार करत नाही, असं काकांचं आता मत आहे. त्यांनी जुनं पाणी ओतून दिलं, बरणी पेटीत ठेवली, सभोवती तो बर्फ ठासला, आणि वडिलांची आठवण काढून वर मूठभर जास्त घातला. दोन शिकवणींपैकी एक त्यांनी अगदी मनोभावे पाळली.

गाडी निघाली. आकडा पाच होता. मॅडमनी फोन करून कळवलं, तिकडे मास्तरला गुंगी दिली गेली. गाव मागे पडलं तसा आकडा चारावर आला.

"उतरतोय का, काका?"

"बसतोय खाली. स्थिरावेल."

पुलापाशी रस्त्याचं काम होतं, गाड्या अडल्या होत्या. ड्रायव्हरदादा भोंगा वाजवत, पुढच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत वाट काढत होते. आकडा तीन.

"काका?"

"स्थिरावतोय."

हे खोटं होतं, आणि बोलतानाच काकांना ते ठाऊक होतं. पण एवढी वर्षं ज्याचा तोरा मिरवला तीच गोष्ट चुकली, हे तोंडून काढायला जीभ वळेना. आपण पुढचा सिग्नल येईपर्यंत गप्प राहिलो, असं ते सांगतात. तो सिग्नल लाल होता की हिरवा, हे मात्र आठवत नाही. मग त्यांनी उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला, झाकण किलकिलं केलं आणि बोट आत घातलं.

बोट चिकटलं.

"मॅडम, बर्फ माजलेला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी गाढव आहे."

"ते नंतर बघू. बर्फाचं सांगा."

"कपाटातला कोरडाच भरला. घाम फुटू दिला नाही. हा अजून खाली ओढणार."

मॅडमनी आकड्याकडे पाहिलं. दोनाच्या जरा वर. त्यांनी आवाज चढवला नाही, आणि तेच काकांना जास्त लागलं. "बरणीचं झाकण घट्ट आहे. तिला हात लावायचा नाही. बाहेरचा निम्मा बर्फ काढा आणि उरलेल्यावर पाणी घाला. साधं, गार न केलेलं. दादा, तुमच्याकडे पाणी आहे?"

"आहे, पण उन्हात ठेवून कोमट झालंय हो. टाकणारच होतो."

"टाकू नका! मागे द्या."

"थर्मासमध्ये चहा पण आहे."

"चहा नको, दादा."

बर्फ काढायचा, पण ठेवायचा कुठे? मागच्या खिडक्या उघडत नाहीत. गाडीतली बादली सामानाच्या दोरखंडाखाली बांधलेली. काकांनी उघड्या हातांनी बर्फ उपसला आणि मांडीत घेतला. मांडी भरली तेव्हा स्वेटरचा ओचा केला. ओचा भरला तेव्हा खिशांत. ज्या माणसाला पंख्याचा वारा सोसत नाही तो खोल थंडीच्या कपाटातला बर्फ मांडीवर घेऊन बसला होता, आणि तोंडानं ‘स्स... स्स...’ करत होता. मॅडम बाटलीतलं पाणी धारेनं बरणीभोवती सोडत होत्या. आकडा दोनाखाली गेला. काकांना सिस्टरचा चेहरा दिसला. आकडा अजून जरा उतरला. मग थांबला. पेटीतल्या बर्फाला घाम आला, तो बोटावरून निसटू लागला, आणि बऱ्याच वेळानं आकडा हळूच दोन झाला.

"आता धरून बसा," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. काहीही न लपवता सांगितलं. किती उतरला, किती वेळ, का.

"काय म्हणाले?" काकांनी विचारलं.

"म्हणाले, या."

"आणखी?"

"आणखी तुमच्याबद्दल म्हणाले. ते राहू द्या."

हॉस्पिटलच्या दारात पोचले तेव्हा आकडा चारावर होता. पेटी छातीशी धरून काका धावले. पहारेकऱ्यानं लिफ्ट रोखून धरली होती. त्यानं काकांकडे पाहिलं. कमरेपासून गुडघ्यापर्यंत पँट चिंब, आणि अजून ठिबकत होती.

"काका," तो हळूच म्हणाला, "घाबरू नका हो. होतं असं."

खुलासा करायला वेळ नव्हता. लिफ्टमधल्या दोन नर्सेस शिष्टाचार म्हणून छताकडे बघत राहिल्या.

पेटी आत गेली. काका बाहेर बाकावर बसले आणि कापायला लागले. दात वाजत होते. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला मास्तरची बायको होती. तिनं काकांना कापताना पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"काका, काय झालं? वाईट आहे का काही?"

"नाही वहिनी. थंडी वाजतेय."

"इतक्या उन्हात? मला सांगा काय ते. मी ऐकीन."

तेव्हा काकांना कळलं की थट्टा करून इथून निसटता येणार नाही. त्यांनी सगळं सांगितलं. मोजे, कोरडा बर्फ, गप्प बसलेला तो वेळ, सगळं. आकडा किती खाली गेला तेही. त्यामुळे काय होईल, ते मात्र सांगता येत नव्हतं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ती ऐकत राहिली.

"तुम्ही शब्द दिला होता त्यांना," ती म्हणाली.

"हो."

"मांडीवर आणीन म्हणून."

"मांडीवरच आणलं, वहिनी. बर्फ पण मांडीवर होता."

ती हसली नाही. पण थोड्या वेळानं तिनं अंगावरची शाल काढून दोघांच्या मधे बाकावर ठेवली. काकांनी ती घेतली नाही. तेव्हा तिनंच उचलून त्यांच्या गुडघ्यांवर टाकली आणि थिएटरच्या दाराकडे बघत बसली.

मोठे डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्याला टोपीचा वळ उमटला होता. आधी ते वहिनींकडे गेले. "चाललंय. जागं व्हायला वेळ लावला त्यानं. थरथरलं, थांबलं, दोनदा धक्का द्यावा लागला. जरा रुसलं होतं. पण आता आपापलं चाललंय. पुढचे दोन दिवस आम्ही इथेच आहोत."

वहिनींनी दाराकडे बघून हात जोडले. काका उठून उभे राहिले.

"रुसलं ते माझ्यामुळे का हो, डॉक्टर?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "माहीत नाही. कधीकधी सगळं नीट करूनही रुसतं. तुमच्यामुळे असेलही." मग पँटकडे बघून म्हणाले, "घरी जाऊन कपडे बदला. आणि उद्या सकाळी माझ्याकडे या."

सकाळी काका गेले, जे घडलं ते सांगितलं, आणि बोलणी खाल्ली. पोटभर. चुकीबद्दल थोडी, ‘स्थिरावतोय’ या शब्दाबद्दल पुष्कळ. सिस्टरनं ते मोजे घेतले, पिशवीत घातले आणि कपाटावर चढवून चिठ्ठी लावली, ‘काकांनी मागितले तरी देऊ नयेत.’ घरी मुलीला वाईट वाटलं. बायकोला वाटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "काकडीच्या वेळीच बोलले होते मी."

मास्तर सावकाश बरा झाला. आधी पलंगाच्या कडेपर्यंत, मग भिंत न धरता न्हाणीघरापर्यंत. काका रोज वॉर्डाच्या दारापर्यंत जात आणि काहीतरी काम आठवून परत फिरत. शेवटी आतूनच हाक आली.

"काका, या की! बायकोनं सांगितलंय मला सगळं. आता किती दिवस दारातून वास घेणार?"

काका जाऊन उभे राहिले. "मास्तर, मी..."

"आधी जवळ या." मास्तरनं त्यांचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला, पट्टीच्या जरा बाजूला. आत ठकठक चाललं होतं. घाईचं, पण सरळ, मशिनवर लांब शिवण मारावी तसं.

"तुमची बोटं किती गार हो," मास्तर म्हणाला. "काढा आता. पुन्हा रुसायचं."

घरी गेल्यावर मास्तरनं पहिली वस्तू शिवली ती काकांची पँट. हात अजून कापत होते. औषधांनी कापतात, काही दिवस. पँटचा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड झाला होता. कापड छत्रीचं होतं.

"पाणी आत जाणार नाही," मास्तर म्हणाला. "पुन्हा पहारेकऱ्याला खुलासा नको."

ही पँट चालताना वाजते. बोळाच्या त्या टोकाला काका निघाले की या टोकाला कळतं. बायकोनं डावा पाय उसवून नीट करून देते म्हटलं, तर काकांनी हात लावू दिला नाही. पेटी निघायची असते तेव्हा ते हीच पँट घालतात, आणि बर्फाच्या ढिगाशी उकिडवे बसून, उघडं बोट त्यात खुपसून थांबतात. बोट लाल होतं. ते ‘स्स’ करतात.

"काका, झालं का? निघायचंय," मॅडम दारातून विचारतात.

"दोन मिनिटं. अजून चिकटतोय."

"नक्की?"

"नक्की," काका म्हणतात, आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, "‘स्थिरावतोय’ असं नाही म्हणत आहे हं. चिकटतोय म्हणतोय."